चाड्यावरची मूठ

बऱ्याच वर्षांपूर्वी एका स्मरणिकेसाठी मी तिफणीवर एक टिपण लिहिले होते. दिंड किती लांब, फण किती, नळ्या कशाच्या, लाकूड कोणते, सारे मोजमाप घेऊन लिहिलेले. नागपूरहून काटोल तालुक्यातल्या आमच्या गावी गेलो तेव्हा कौतुकाने ते मोठ्याईला वाचून दाखवले. मोठ्याई म्हणजे माझी मोठी चुलती. तिने शेवटपर्यंत शांतपणे ऐकले आणि म्हणाली, "सप्पा लिवलं बाबू तू, पण पेरलं कोनं थे नाही लिवलं."

त्या वाक्याने माझे टिपण तिथेच आडवे पडले. अवजाराचा इतिहास लिहिताना मी लाकूड आणि लोखंड पाहिले होते. ज्या हाताशिवाय ते अवजार निव्वळ सांगाडा ठरते, तो हात मला दिसलाच नव्हता. प्रस्तुत लेख ही त्या चुकीची उशिरा केलेली दुरुस्ती आहे.

सुरुवात मातीपासून करावी लागते, कारण आपल्याकडची अवजारे मातीने घडवली आहेत. नागपूर, वर्धा, यवतमाळ, अमरावतीची काळी माती पाणी प्यायली की फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून तिला हात जाईल अशा भेगा पडतात. वरची भुसभुशीत माती या भेगांमध्ये पडते आणि पहिल्या पावसाने जमीन पुन्हा मिटते. थोडक्यात, ही जमीन काही अंशी स्वतःच स्वतःला नांगरून घेते. म्हणूनच आपल्याकडे नांगर दरवर्षी चालत नसे. हरळी किंवा कुंद्याने शेत धरले, की काही वर्षांतून एकदा नांगरट व्हायची. एरवीचे काम वखराचे.

वखराकडे नवखा माणूस पाहील तर त्याला ते अगदीच साधे वाटेल. एक आडवे खोड, त्याला खाली दोन जानोळी, आणि त्या जानोळ्यांत बसवलेली लोखंडी पास. ही पास जमिनीत खोल जात नाही. दोनतीन इंच खालून ती सपाट सरकते, तणाची मुळे कापते आणि वर मातीचा मोकळा थर ठेवते. त्या मोकळ्या थरामुळे खालची ओल वर येऊन उडून जात नाही. काळ्या जमिनीत खोल नांगराने ढेकळे निघतात आणि ओल जाते. वखराने तण जाते आणि ओल राहते. इंग्रजी अमदानीतल्या मध्य प्रांताच्या अहवालांत या अवजाराला 'बखर' म्हटले आहे आणि नांगरापेक्षा त्याचेच वर्णन अधिक आढळते. किर्लोस्करांचा लोखंडी नांगर १९०३ साली बेळगावला तयार झाला आणि पुढे दक्षिण महाराष्ट्राच्या शेतीत त्याने मोठी उलथापालथ केली. पण आपल्या कपाशी-ज्वारीच्या पट्ट्यात रोजचा सोबती वखरच राहिला. त्याला मागासलेपणा म्हणण्याआधी पायाखालची माती पाहावी.

वखराने शेत तयार झाले, मृगाचा पाऊस पडला आणि वाफसा आला की तिफण बाहेर निघे. काळ्या मातीत हा वाफसा फार थोडे दिवस टिकतो. ओल जास्त असेल तर फणाला चिखल धरतो, कमी झाली तर बी उगवत नाही. या तीनचार दिवसांत पेरणी साधायची, तर बी थेट ओलीत पडले पाहिजे आणि एका फेरीत अनेक ओळी झाल्या पाहिजेत. तिफण हे या दोन्ही अडचणींचे उत्तर.

बाभळीच्या किंवा तिवसाच्या जड लाकडाचे दिंड, त्यात ठोकलेले तीन फण, आणि प्रत्येक फणाच्या पाठीशी उघडणारी बांबूची पोकळ नळी. तिन्ही नळ्यांची वरची तोंडे एका लाकडी वाटीत येऊन मिळतात. हे चाडे. फण जमीन चिरत जातो, चाड्यात सोडलेले बी नळीतून उतरून त्याच चिरेत पडते आणि मागून हलका वखर फिरला की झाकले जाते. बैलांची जोडी एक, फेरी एक, ओळी तीन. तीन फण म्हणून तिफण. हलक्या कामाला दोन फणांचीही असते.

मिश्रपिकासाठी आणखी एक जोडणी होती, तिचे नाव सरता. टोकाला अणकुचीदार अशी एकच बांबूची नळी आणि तिच्या डोक्यावर छोटेसे चाडे. हा सरता दोराने तिफणीच्या मागे बांधायचा. ज्या ओळीत तूर हवी, त्या ओळीच्या चाड्यातल्या भोकाला चिंधीचा बोळा घालायचा म्हणजे तिथे ज्वारी पडत नाही, आणि त्याच चिरेत मागून सरत्याने तूर सोडायची. चिंधीच्या एका बोळ्याने अवजार एका पिकाचे दोन पिकांचे होते. पाऊस लांबला तर ज्वारी जाईल पण तूर राहील, असा तो विमाच होता. हप्ता फक्त बोळ्याचा.

कपाशीची गोष्ट निराळी. शेतात आधी उभ्या आणि मग आडव्या रेघा ओढायच्या. जिथे रेघ रेघेला छेदते ती फुली. सरकी टोबायची ती फुलीवर. यामुळे झाडे दोन्ही दिशांनी सरळ रांगेत येतात आणि पुढे डवरा उभाही चालतो, आडवाही. डवरा म्हणजे वखराचे धाकटे भावंड, दोन ओळींच्या मधून जाणारे. उभी-आडवी डवरणी झाली की निंदणाऱ्या बायांसाठी फक्त झाडाच्या बुडाजवळचे तण उरते. लांब जू घेतले तर एकाच जोडीमागे दोन डवरे जोडता येतात. उभ्या पिकातून जाताना बैलाने शेंडे खाऊ नयेत म्हणून त्यांच्या तोंडाला दोरीचे विणलेले मुसके. भूमितीची वही न पाहिलेल्या माणसांनी आखलेली ही शेते होती.

बाहेरच्यांनी या हुशारीची दखल घेतली नाही असे मात्र नाही. इंग्लंडमध्ये जेथ्रो टल याने १७०१ च्या सुमारास पेरणीचे यंत्र बनवले आणि युरोपात तो या कल्पनेचा जनक ठरला. पुढे १७९५ साली कॅप्टन थॉमस हॅलकॉट या कंपनीच्या अधिकाऱ्याने दक्षिण हिंदुस्थानात शेतकरी नळ्यांच्या अवजाराने ओळीत पेरताना पाहिले आणि त्याचे वर्णन लिहून कळवले. तोवर हा शोध आधुनिक युरोपचा आहे अशी त्याची समजूत होती. ती सोडावी लागल्याचे त्याने मोकळेपणाने मान्य केले. धर्मपाल यांनी अठराव्या शतकातल्या भारतीय तंत्रज्ञानावरील आपल्या ग्रंथात, १९७१ साली, हे वर्णन पुन्हा उजेडात आणले. त्याआधी १८९३ साली डॉ. जॉन ऑगस्टस व्होल्कर यांचा भारतीय शेतीवरचा अहवाल प्रसिद्ध झाला. सुधारणा सुचवण्यासाठी ते आले होते. पण आहे त्या परिस्थितीत देशी अवजारांत सुधारणेला फारसा वाव नाही, असे त्यांना लिहावे लागले. नागपूरचे कृषी महाविद्यालय १९०६ सालचे. तेव्हापासून महाराजबागेच्या परिसरात शेतीशास्त्राच्या किती पिढ्या शिकून गेल्या, आणि त्यांतल्या कित्येकांच्या घरी तिफणीच्याच पेरणीची ज्वारी शिजत होती.

आता मोठ्याईच्या प्रश्नाकडे येतो. टलच्या यंत्रात आणि आपल्या तिफणीत महत्त्वाचा फरक एकच आहे. किती बी पडावे हे टलच्या यंत्रात चाकाबरोबर फिरणारा खाचांचा दांडा ठरवतो. तिफणीत असा कुठलाही भाग नाही. ते काम माणसाच्या मुठीवर सोपवलेले आहे, आणि आमच्या भागात ही मूठ बहुतेक वेळा बाईची असते.

बैल आपल्या चालीने चालतात. बाई तिफणीबरोबर चालते, ओटीतून बी घेते आणि अंगठा व बोटांच्या फटीतून चाड्यात सोडत राहते. तिन्ही भोकांत सारखे बी गेले पाहिजे. बैल मंदावले तर मूठ मंदावली पाहिजे, बैल उचलले तर मूठ उचलली पाहिजे. ज्वारीचा दाणा वेगळा, गव्हाचा वेगळा, जवसाचा तर निसटता. बियाण्यागणिक यंत्राचा भाग बदलावा लागतो, इथे फक्त बोटांची फट बदलते. हलक्या बरड तुकड्यावर बी किंचित विरळ सोडायचे, हेही हाताला ठाऊक. चुकले तर लपत नाही; आठवड्याभराने उगवण सगळ्या गावाला दिसते. "हातचं विरळ झालं" हा शेरा वर्षभर पुरतो.

मोठ्याई हे तिच्या सासूकडून शिकली. पहिल्या वर्षी तिला फक्त सरत्यावर ठेवले होते, कारण तिथे एकच नळी. चाड्यावर मूठ धरायला मिळाली ती पुढे, सासूचा विश्वास बसल्यावर. म्हणजे इथेही उमेदवारी होती, परीक्षा होती, बढती होती. नव्हता तो फक्त दाखला. मजुरीने येणाऱ्या बायांपैकी चांगल्या हाताच्या बाईला पेरणीच्या दिवसांत घरोघरी बोलावणे येई. पण मोबदल्यात त्या कौशल्याची वेगळी किंमत धरली जात असे, असे मला जुन्या माणसांच्या बोलण्यातून जाणवले नाही. सुताराला, आमच्याकडे वाढई म्हणतात, खळ्यावरचे धान्य ठरलेले होते. लोहारालाही होते. मुठीचे बलुते नव्हते. वर्षारंभी तिफणीला कुंकू लागायचे, आणि ते लावणारीच दुपारी उन्हात चाड्यामागे चालायची.

मग सारे भराभर बदलले. नागपूर विभागात गेल्या चार दशकांत ज्वारी मागे पडली आणि सोयाबीन आले. २००२ पासून बीटी कपाशी आली. बैल कमी झाले, ट्रॅक्टर वाढले. ट्रॅक्टरच्या पेरणीयंत्राकडे नीट पाहिले तर ती तिफणच आहे: चाड्याची पेटी झाली, बांबूच्या नळ्या प्लॅस्टिकच्या झाल्या, फण पोलादी झाले. नाहीशी झाली ती मूठ. तिच्या जागी चाकावर फिरणारा खाचांचा रूळ बसला. याचे मी रडगाणे गाणार नाही. चिखलात दिवसभर अनवाणी चालण्यातून बायांची सुटका झाली, हे चांगलेच झाले. पेरणीच्या ऐन दिवशी चांगल्या हाताची बाई तापाने पडली तर घर हवालदिल होई, तेही थांबले. पण त्याच बाया आज तण काढायला वाकलेल्या दिसतात, कारण डवऱ्याला बैल उरला नाही आणि निंदणाला यंत्र परवडत नाही. सुटका झाली ती कौशल्याच्या कामातून; कष्टाचे काम तसेच राहिले.

हुशारी मात्र संपलेली नाही. जळगाव जिल्ह्यातल्या शेंदुर्णीचे गोपाळ मल्हारी भिसे यांनी सायकलचे चाक आणि दांडी वापरून हाताने ढकलायचे कोळपे बनवले. ज्याच्याकडे बैल नाही त्याचा तो डवरा. आता आपल्याकडच्या बाजारांतही सायकल-डवरे दिसतात. गरज, हाताशी असलेले सामान आणि मातीची ओळख, जुन्या तिफणीची हीच तीन मापे होती.

आमच्या गावचे वाढईकाका आता तिफण करत नाहीत. पोळ्याच्या आधी महिनाभर ते लाकडी बैल करतात, तान्ह्या पोळ्यासाठी. नागपूरच्या बाजारात ते विकले जातात. मी त्यांना विचारले, तिफणीत सर्वांत कठीण काय? ते म्हणाले, "चाडं. भोकं सारखी नसली तं बाई शिव्या देते." इतकी वर्षे तिफणीवर वाचन करून मला न सुचलेली गोष्ट त्यांनी सहज सांगून टाकली: बनवणाऱ्याची परीक्षा वापरणारी घेत होती. चाड्याची भोके एकेका घरच्या बाईच्या तक्रारीने सुधारत गेली असतील, तर त्या अवजाराच्या कर्त्यांमध्ये तिचेही नाव लागते.

घरची तिफण अजून गोठ्याच्या आढ्याला आहे. एका हॉटेलवाल्याने शोभेसाठी मागितली होती, चुलतभाऊ द्यायलाही निघाला होता. मोठ्याई म्हणाली, दिंड द्या, फण द्या, चाडे देऊ नका. ते चाडे आज नागपुरात माझ्या टेबलावर आहे. आतून ते एका बाजूला किंचित झिजलेले आहे, उजव्या हाताच्या बाजूला. पहिल्या टिपणासाठी मी या वाटीची उंची आणि व्यास मोजला होता. झीज मोजायची राहून गेली होती.