राखणीचा हक्क आणि जोखीम

धारहून अमझेऱ्यास जाताना वाटेत तिरला लागते. नोव्हेंबर १७२८ मध्ये चिमाजी आप्पांनी याच टापूत गिरिधर बहादुर व दया बहादुर यांचा मोड केला, हे आमच्या वाचकांस नव्याने सांगावयास नको. तिरल्याची दुसरी ओळख मात्र सहसा ध्यानात नसते. १८१८ नंतर माल्कमने माळव्याचा बंदोबस्त लावला, त्यात हे गाव निमखेड्याच्या भुमियाकडे वंशपरंपरेने राहिले. त्याने धार दरबारास सालिना ५०० रुपये भरावयाचे, आणि धार-सुलतानपूर वाटेवर दरोडा पडल्यास जाबही त्यानेच द्यावयाचा. गावाचा उपभोग ज्याचा, वाटेची जोखीमही त्याची.

संगणकाच्या व्यवहारात हा हिशेब टिकलेला नाही. २७ जून २०१७ रोजी 'नॉटपेट्या' नावाचे घातक सॉफ्टवेअर युक्रेनमधील हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरमार्फत पसरले. मेर्स्क समूहाचे संगणक बंद पडताच न्हावाशेव्याच्या जवाहरलाल नेहरू बंदरातील त्यांच्या टर्मिनलचे काम ठप्प झाले. हे विष ज्या वाटांनी एका संगणकातून दुसऱ्यात शिरले, त्यांपैकी एक भेग मायक्रोसॉफ्टच्या विंडोजमधील होती. अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेने ती आधीच हेरून स्वतःच्या उपयोगासाठी झाकून ठेवली होती. मायक्रोसॉफ्टची दुरुस्ती आली मार्च २०१७ मध्ये. विंडोजची मूळ संहिता बंदिस्त. ग्राहकास ती वाचावयासही मिळत नाही, मग बुजविणे दूरच! मेर्स्कने आपले नुकसान २० ते ३० कोटी डॉलर सांगितले. अशा वेळी निर्मात्याकडे बोट दाखवावे, तर परवान्यातील कलमे त्याचे दायित्व बहुधा घेतलेल्या किमतीपुरतेच ठेवतात.

मुक्तस्रोत सॉफ्टवेअरच्या परवान्यातही 'जसे आहे तसे' घ्यावे, हमी नाही, असेच लिहिलेले असते. शब्द सारखे असले तरी न्याय सारखा नव्हे, असे आमचे मत आहे. त्याच वर्षी अमेरिकेतील इक्विफॅक्स कंपनीकडून सुमारे १४ कोटी ७० लाख लोकांची माहिती चोरीस गेली, ती 'अपाचे स्ट्रट्स' या मुक्तस्रोत सॉफ्टवेअरमधील भेगेतून. दुरुस्ती मार्चमध्येच विनामूल्य प्रसिद्ध झाली होती. इक्विफॅक्सने ती बसविली नाही. २०१९ च्या तडजोडीत किमान ५७ कोटी ५० लाख डॉलरचा भार तिच्यावर पडला. अपाचेने ना दाम घेतला होता, ना कुलपाची किल्ली स्वतःपाशी ठेवली होती.

आपल्याकडील स्थिती चमत्कारिक आहे. टाटा कन्सल्टन्सी विरुद्ध आंध्र प्रदेश या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये तयार विकले जाणारे सॉफ्टवेअर हा 'माल' ठरविला, कारण प्रश्न विक्रीकराचा होता. पुढे २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सदोष उत्पादनाचे दायित्व आले, पण उत्पादनाच्या व्याख्येत सॉफ्टवेअरचे नाव नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्यात २००८ च्या दुरुस्तीने घातलेले ४३-अ कलम संवेदनशील माहिती बाळगणाऱ्या संस्थेस हयगयीबद्दल भरपाई द्यावयास लावते. भेग मुळात ठेवणारा त्याच्या कक्षेबाहेरच राहतो.

युरोपीय संघाने २०२४ च्या निर्देशाने सॉफ्टवेअर हे उत्पादन ठरविले आणि व्यापाराबाहेर दिलेले मुक्तस्रोत सॉफ्टवेअर वगळले. ९ डिसेंबर २०२६ नंतर बाजारात येणाऱ्या मालास हा निर्देश लागू आहे. मात्र त्यातील भरपाई व्यक्तींसाठी आहे. एखाद्या बंदराचे काम थांबले तर त्याच्या चालकास तिचा आधार नाही.