माकडताप आणि पाहुणी पाखरे

गोरेगाव स्थानकावर उतरून पूर्वेस चित्रनगरीच्या रस्त्याने गेले, म्हणजे शहराचा गलबला हळूहळू मागे पडतो आणि राष्ट्रीय उद्यानाची झाडी सुरू होते. या झाडीच्या कडेस बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे निसर्गशिक्षण केंद्र आहे. १८८३ साली मुंबईत स्थापन झालेल्या या संस्थेने पशुपक्ष्यांच्या अभ्यासाचे मोठे कार्य केले, हे पुष्कळांस ठाऊक असते. परंतु माणसाच्या एका प्राणघातक रोगाचा माग काढण्यासाठी याच संस्थेने वर्षानुवर्षे पाखरे धरली, ही हकीकत फारशी कोणाच्या कानी आलेली नसते.

१९५७ सालच्या मार्च महिन्यात तेव्हाच्या म्हैसूर राज्यातील शिमोगा जिल्ह्यात, क्यासनूर नावाच्या रानात माकडे पटापट मरू लागली. त्याच सुमारास आसपासच्या खेड्यांतील माणसेही तीव्र तापाने अंथरुणास खिळली. माकड आणि माणूस एकदम मरतो, हे पीतज्वराचे लक्षण. आणि पीतज्वर तर हिंदुस्थानात कधीच शिरलेला नव्हता. साहजिकच मोठी धास्ती निर्माण झाली. पुण्यास १९५२ साली स्थापन झालेल्या विषाणू संशोधन केंद्राचे शास्त्रज्ञ, संचालक डॉ. टेल्फर्ड वर्क यांच्या नेतृत्वाखाली, कामास लागले. त्यांनी विषाणू वेगळा काढला. तो पीतज्वराचा नव्हता. परंतु रशियातील अरण्यांत गोचिडींमुळे होणाऱ्या मेंदूज्वराच्या विषाणूशी त्याचे जवळचे नाते होते.

येथेच मोठे कोडे उभे राहिले. उत्तरेच्या हिमप्रदेशातील रोगाचा हा भाऊबंद दक्षिणेच्या रानात आला कोठून? दरवर्षी हिवाळ्यात लक्षावधी पाखरे हिमालय ओलांडून या देशात उतरतात. त्यांच्या पिसांत दडून रोगट गोचिडी तर येत नसतील? तर्क मोठा मोहक होता; परंतु तर्क म्हणजे पुरावा नव्हे. पुरावा पाहिजे असेल तर पाखरू हातात धरावयास हवे.

पाखरांच्या पायांत अंगठ्या घालण्याचे काम सोसायटीने १९२७ सालीच धार संस्थानात आरंभिले होते. मात्र पैशाअभावी ते रेंगाळले होते. जागतिक आरोग्य संघटनेस पाखरांच्या अंगावरील गोचिडी हव्या होत्या, आणि डॉ. सलीम अली यांस पाखरांच्या प्रवासाचे मार्ग जाणून घ्यावयाचे होते. १९५९ च्या सुमारास दोघांची गाठ पडली व कार्य सुरू झाले. कच्छची गवताळ माळराने, भरतपूरचे पाणथळ, दक्षिणेकडील पॉइंट कॅलिमियरचा किनारा अशा ठिकाणी तळ पडू लागले.

हे काम बाहेरून दिसते तितके सोपे नव्हे. पहाटेच्या अंधारात बारीक जाळी ताणावयाची, अडकलेले पाखरू इजा न होता सोडवावयाचे, जात ओळखून माप व वजन घ्यावयाचे, डोळ्यांभोवतीच्या आणि कानांजवळच्या गोचिडी चिमट्याने वेचून निराळ्या कुपीत घालावयाच्या, कुपीचा क्रमांक वहीत नोंदवावयाचा आणि अंगठी घालून पाखरू उडवून द्यावयाचे. कुपी एकीची आणि नोंद दुसरीची झाली, की साऱ्या दिवसाचे श्रम फुकट! या कामी पदवीधर तरुणांइतकेच बिहारकडील मीरशिकार उपयोगी पडले. पिढ्यान्‌पिढ्या पाखरे धरण्यावर ज्यांचे पोट चालले, त्यांचेच कसब आता विज्ञानाच्या सेवेस लागले.

पुढे दुसरीच अडचण उभी राहिली. या कामास अमेरिकन सैन्याच्या संशोधन विभागाकडूनही द्रव्य येऊ लागले होते. परक्या सैन्यास आपल्या पाखरांची एवढी चौकशी कशासाठी? रोगजंतूंचे युद्धास्त्र बनविण्याचा तर हा बेत नव्हे ना? १९७४-७५ साली हा प्रश्न वर्तमानपत्रांतून आणि संसदेच्या लोकलेखा समितीपुढे गाजला. सलीम अली यांनी आरोपाचा ठाम इन्कार केला. तथापि एक धडा मागे राहिला. रानातील संशोधनास जाळी आणि वही जितकी लागते, तितकाच लोकांचा विश्वासही लागतो. आणि पैसा कोणाचा व कशासाठी, हे आरंभीच उघड सांगितल्यावाचून तो विश्वास टिकत नाही.

मग रोगाचे मूळ कोठे सापडले? आकाशात नव्हे, पायाखाली. रानातीलच एक गोचीड, तेथील उंदीर, चिचुंद्र्या व माकडे यांच्यामध्ये हा विषाणू फिरत असतो, असे पुढील अभ्यासांत दिसून आले. माणसाने जंगल तोडून शेते केली व गुरे रानात चरावयास सोडली. गुरांच्या रक्तावर गोचिडी वाढल्या आणि त्या सरपण वेचणाऱ्यांच्या अंगावर चढल्या. १९९५ साली सौदी अरबस्तानात या विषाणूचा आणखी एक निकटचा नातलग सापडला, त्यामुळे पूर्वी केव्हा तरी दूरचा प्रवास घडला असेल, ही शंका अजूनही पुरती मिटलेली नाही. परंतु दरसालच्या साथीचा दोष पाहुण्या पाखरांवर लादता येत नाही, एवढे निश्चित.

पाखरे धरण्याचे श्रम मात्र वाया गेले नाहीत. येथे अंगठी घातलेली बदके सैबेरियात व कझाकस्तानात सापडली, आणि त्यांच्या प्रवासाचा नकाशा हाती आला.

माकडताप आता केवळ शिमोग्याचा राहिलेला नाही. २०१५ साली तो गोव्याच्या सत्तरी तालुक्यात आणि २०१६ पासून सिंधुदुर्गात आढळला. काजूच्या बागांत व रानात राबणाऱ्यांस त्याचे भय अधिक. शंभर रुग्णांमागे सुमारे ३ ते ५ दगावतात. म्हणून रानात माकड मेलेले दिसल्यास त्यास हात न लावता आरोग्य खात्यास कळवावे, असे गावोगाव सांगितले जाते. मेलेले माकड ही रोगाची पहिली वर्दी होय.

गोरेगावच्या कडेस शहर आणि रान एकमेकांस खेटून उभे आहेत. तेथे पाखरांकडे दुर्बीण लावणाऱ्या मुलास हा इतिहास अवश्य सांगावा. दुरून आलेल्या पाहुण्यावर संशय घेणे सोपे असते. आपल्याच कुऱ्हाडीने कोणते दार उघडले, हे पाहावयास अधिक धैर्य लागते.