कल्पनासंकलन व अग्रक्रमनिश्चिती, उत्पादनविषयक
नव्या वा सुधारित उत्पादनासाठी अनेकांकडून कल्पना मिळवून त्यांपैकी कोणती प्रथम हाती घ्यावयाची, हे ठरविण्याच्या नियमबद्ध पद्धती. सामूहिक विचारमंथनातील उणिवा ध्यानात आल्यावर त्यांना विशेष महत्त्व आले.

विचारमंथनाची पद्धत अमेरिकन जाहिरात-व्यावसायिक अ‍ॅलेक्स ऑस्बर्न (१८८८–१९६६) यांनी रूढ केली. एकत्र बसावे, सुचेल ते बोलावे व टीका मागाहून करावी, हे तिचे सूत्र होय. १९५८ मध्ये टेलर, बेरी व ब्लॉक यांनी येल विद्यापीठात तिची कसोटी घेतली. स्वतंत्रपणे विचार करणाऱ्या चौघांच्या कल्पनांची बेरीज एकत्र बसलेल्या चौघांच्या कल्पनांपेक्षा जवळजवळ दुप्पट भरली. एकजण बोलत असता इतरांना थांबावे लागते, हे यामागील प्रमुख कारण डील व श्ट्रोब यांनी १९८७ मध्ये दाखविले. वरिष्ठांसमोर वाटणारा संकोचही कल्पनांना अडसर ठरतो.

यावर उपाय म्हणजे प्रत्येकाने आधी लिहावे व चर्चा नंतर व्हावी. रँड संस्थेतील डेल्फी पद्धतीत तज्ज्ञ एकमेकांस न भेटता फेरीफेरीने लेखी मते देतात. बेर्न्ट रोरबाख यांच्या १९६८ मधील ‘६-३-५’ पद्धतीत सहाजण पाच मिनिटांत प्रत्येकी तीन कल्पना लिहून कागद शेजाऱ्याकडे देतात. डेलबेक व व्हॅन डी व्हेन यांच्या नामिक गट तंत्रात मूक लेखन, क्रमशः वाचन, स्पष्टीकरण व शेवटी वैयक्तिक गुणांकन असे टप्पे असतात. गुणांच्या बेरजेवरून अग्रक्रम ठरतो.

भारतात कामगारांच्या कल्पनांना गुणवत्ता मंडळांमुळे संघटित रूप आले. जपानमध्ये १९६२ पासून वाढलेली ही चळवळ १९८० मध्ये भारत हेवी इलेक्ट्रिकल्सच्या हैदराबाद येथील कारखान्यात सुरू झाली व पुढे पुणे परिसरातील कारखान्यांतही पोहोचली. मात्र या मंडळांचा भर नव्या उत्पादनापेक्षा चालू कामातील दोष दूर करण्यावर असतो.

पिंपरी येथे १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायॉटिक्सची स्थापना झाली. पुढे टेल्को, बजाज ऑटो यांसारख्या मोठ्या कारखान्यांभोवती सुटे भाग पुरविणारे लघुउद्योग वाढले व हा पट्टा चाकणपर्यंत विस्तारला. पवनाकाठच्या काळेवाडीसारख्या वस्त्या त्याच विस्ताराबरोबर वाढल्या. लघुउद्योगात बहुधा ग्राहक-कारखान्याच्या आराखड्यानुसार काम चालते. त्यामुळे यंत्रावरील कारागिराला सुचलेला फेरफार आराखडा करणाऱ्यापर्यंत पोहोचण्याआधी पर्यवेक्षक, मालक व खरेदी विभाग असे टप्पे ओलांडावे लागतात. अशा ठिकाणी निनावी चिठ्ठी व समान गुणाधिकार यांना विशेष मोल आहे. कारण त्यांत कल्पनेचा विचार ती मांडणाऱ्याच्या हुद्द्यावरून होत नाही.

या पद्धतींनाही मर्यादा आहेत. बहुमताच्या गुणांकनात परिचित कल्पना वर येते व खरोखर नवी मागे पडू शकते. म्हणून उपयुक्तता, खर्च व साध्यता यांचे गुण वेगवेगळे देणे इष्ट ठरते. तसेच नाकारलेल्या सूचनेचे कारण न कळविल्यास पुढील वेळी चिठ्ठ्या कोऱ्याच येतात. पद्धतीचे यश अखेर निर्णय घेणाऱ्यांच्या उत्तरदायित्वावर अवलंबून असते.