धरमतरच्या खाडीत मासे मेले, तर तपास कोण करतं? सरकारी मत्स्यशास्त्रज्ञाचं काम नेमकं असतं काय?

पांढरी पोटं वर करून तरंगणारे मेलेले मासे, असा खाडीचा एखादा व्हिडिओ तुमच्याही ग्रुपवर कधीतरी आला असेल. त्याखालच्या कमेंट ठरलेल्या असतात. "केमिकल सोडलं." "कंपनी बंद करा." "अधिकारी झोपलेत का?" अनेकदा त्यात तथ्यही असतं. पण माशांचा अभ्यास हीच ज्याची नोकरी आहे, असा माणूस तोच व्हिडिओ बघून वेगळं विचारतो. किती वाजता दिसले? भरती होती की ओहोटी? आधी मोठे मेले की पिल्लं?

हे प्रश्न वेळकाढूपणाचे वाटतात, पण सगळा तपास त्यांच्यावरच उभा असतो. का, ते धरमतरच्या खाडीवरून नीट कळतं.

खाडी एक, वापरणारे अनेक

सह्याद्रीत उगम पावणारी अंबा नदी पालीवरून रोहा तालुक्यातल्या नागोठण्याला येते आणि पुढे खाडी होऊन पेण आणि अलिबाग या तालुक्यांमधून रेवसच्या बाजूला समुद्राला मिळते. हीच धरमतरची खाडी. एकोणिसाव्या शतकात मुंबईहून आगबोटी थेट धरमतरला लागायच्या आणि तिथून पुढचा प्रवास रस्त्याने व्हायचा. आज त्याच पाण्यातून डोलवीच्या पोलाद कारखान्यासाठी कोळसा आणि लोहखनिज घेऊन बार्ज येतात. वरच्या अंगाला नागोठण्याचा पेट्रोकेमिकल प्रकल्प आहे. दोन्ही काठांना खारबंदिस्तीच्या आड भातशेती आहे, मध्ये कांदळवन आहे. आणि डोल, बोकशी, पाग घेऊन खाडीवर पोट भरणारे कोळी आणि आगरी आहेत.

हे पाणी दिवसातून दोनदा वर चढतं आणि दोनदा उतरतं. पावसाळ्यात वरच्या भागात ते जवळपास गोडं होतं, मे महिन्यात खारट. म्हणजे सकाळी अकराला बाटलीत भरलेलं पाणी पहाटे पाचला तिथे असेलच असं नाही. म्हणून धरमतरसारख्या खाडीत एका नमुन्यावरून फारसं काही सिद्ध होत नाही. त्याच ठिकाणचं भरतीचं आणि ओहोटीचं, वरचं आणि तळाचं, उधाणाचं आणि भांगाचं, असं पाणी महिनोन्‌महिने तपासावं लागतं. हे काम कंटाळवाणं आहे आणि त्याचा कुणी व्हिडिओ काढत नाही.

मेलेला मासा काय सांगतो?

पाण्यातला ऑक्सिजन रात्री कमी होत जातो, कारण अंधारात पाण्यातल्या वनस्पती तो तयार करत नाहीत, उलट वापरतात. सर्वांत कमी असतो पहाटे. त्यामुळे पहाटे मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करताना दिसले आणि आधी मोठे मासे मेले, तर पहिला संशय ऑक्सिजनवर जातो. मोठ्या माशाला तो जास्त लागतो. लहान-मोठे सगळे एकदमच, दिवसाच्या कुठल्याही वेळी मेले किंवा आधी पिल्लं गेली, तर विषारी द्रव्याकडे बोट वळतं. पहिल्या मोठ्या पावसानंतर फक्त खाऱ्या पाण्यातल्याच जाती मेल्या असतील, तर अचानक आलेलं गोडं पाणीही कारण असू शकतं.

आता यातली गोम अशी की ऑक्सिजन कमी झाला म्हणजे कारखाना सुटला, असं नाही. सांडपाण्यातली घाण कुजताना जिवाणू ऑक्सिजन खाऊन टाकतात. मासा गुदमरून मेला, विष अंगात सापडलं नाही, तरी दोष सांडपाण्याचा असू शकतो. आणि ते सांडपाणी कारखान्याचं आहे की गावाच्या गटाराचं, हे वेगळं शोधावं लागतं.

ऑक्सिजन मोजायची जुनी आणि आजही चालणारी रीत म्हणजे विंकलर पद्धत. बाटली बुडबुडा न येऊ देता काठोकाठ भरायची, जागेवरच त्यात दोन रसायनं घालायची, मग तळाशी तपकिरी साका बसतो आणि ऑक्सिजन त्यात अडकतो. पुढचं मोजमाप प्रयोगशाळेत. रसायनं जागेवर घातली नाहीत, तर येणारा आकडा खाडीचा नसतो, गाडीत तापलेल्या बाटलीचा असतो. बंदराच्या पाण्यासाठी केंद्राच्या निकषात लिटरमागे किमान ३ मिलिग्रॅम ऑक्सिजन धरला आहे, व्यावसायिक मासेमारी आणि पोहण्याच्या पाण्यासाठी ४. एकच खाडी बंदरही आहे आणि मासेमारीची जागाही, तेव्हा तिला कुठला निकष लावायचा, यावर भांडण होऊ शकतं.

मासाही ताजा लागतो. कोकणच्या उन्हात दोन-चार तासांत कल्ले कुजतात आणि त्यांच्यावरच्या खुणा जातात. बर्फात ठेवलेला, नुकताच मेलेला किंवा मरायला टेकलेला मासा हा खरा पुरावा. दुसऱ्या दिवशी किनाऱ्याला लागलेला ढीग बातमीसाठी ठीक, तपासासाठी जवळपास निरुपयोगी.

जिताड्याची गोष्ट

पेण-अलिबागकडे जिताडा म्हणजे काय, हे सांगायची गरज नाही. शहापूर-धेरंड भागात घरामागच्या तळ्यात जिताडा वाढवायची जुनी पद्धत आहे. पावसाळ्यात खाडीतून वर चढणारी पिल्लं धरून तळ्यात सोडायची. गोड्या पाण्यात हा मासा मस्त वाढतो. फक्त तिथे त्याची वीण होत नाही, त्यासाठी खाडीच्या मुखाचं खारं पाणी लागतं. म्हणजे तळं कितीही चांगलं असलं, तरी पिल्लू खाडीच देणार. किंवा मग हॅचरी. चेन्नईच्या निमखाऱ्या पाण्यातील मत्स्यसंवर्धनाच्या केंद्रीय संस्थेला १९९७ मध्ये बंदिस्त जागेत जिताड्याची वीण करण्यात यश आलं.

जिताड्याची दुसरी गंमत जास्त महत्त्वाची आहे. तो आधी नर असतो आणि काही वर्षांनी, मोठा झाल्यावर, मादी होतो. म्हणजे बाजारात ज्याच्याबरोबर फोटो काढले जातात तो भलामोठा जिताडा बहुधा मादी असते. इतर माशांच्या बाबतीत "लहान धरू नका" एवढा नियम पुष्कळसा पुरतो. महाराष्ट्राने २०२३ मध्ये ५४ जातींसाठी किमान आकार ठरवून दिला, तो याच विचाराने. जिताड्याच्या बाबतीत मात्र फक्त मोठेच धरत राहिलं, तर माद्याच संपतात. ही गोष्ट नुसतं वजन करून कळत नाही. पोट उघडून बीजांड बघावं लागतं, कानातल्या हाडावरची वर्तुळं मोजून वय काढावं लागतं.

इथे एक अवघड प्रश्नही येतो. खारबंदिस्तीचा बांध फुटला की शेतात खारं पाणी शिरतं, भात जातं आणि काही वर्षांत तिथे कांदळवन उभं राहतं. माशांच्या पिल्लांना ती उत्तम जागा. शेतकऱ्याची मात्र जमीन गेली, आणि कांदळवन तोडायला कायद्याने बंदी. बांध धड असेल आणि उघाडी बंद असेल, तर पिल्लांची वाट अडते. माशाच्या अभ्यासकाने "बांध फुटू द्या" म्हणणं सोपं आहे, पण पेणच्या शेतकऱ्याला ते कोण तोंड वर करून सांगणार? उघाडी कधी, किती उघडायची याचं वेळापत्रक जुळवणं, हा त्यातल्या त्यात बरा मार्ग वाटतो. त्यासाठी पिल्लं नेमकी कधी चढतात याची नोंद हवी.

मासा एका खात्याचा, पाणी दुसऱ्याचं

अमेरिकेत १९४० मध्ये मासे आणि वन्यजीव यांची दोन सरकारी कार्यालयं एकत्र करून एकच 'फिश अँड वाइल्डलाइफ सर्व्हिस' केली. कीटकनाशकांविरुद्ध जगाला जागं करणाऱ्या रेचल कार्सन तिथेच सरकारी नोकरीत होत्या. आपल्याकडे तसं एक खातं नाही. मासेमारी मत्स्यव्यवसाय विभागाकडे, १९८१ च्या सागरी मासेमारी नियमन कायद्याखाली. कांदळवन वन विभागाच्या कांदळवन कक्षाकडे, जो २०१२ मध्ये झाला. पाण्याचं प्रदूषण महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे, १९७४ च्या कायद्याखाली. कासव, डॉल्फिन किंवा देवमासा १९७२ च्या वन्यजीव कायद्यात येतो. जिताडा येत नाही, बोय येत नाही, निवटी येत नाही. त्यामुळे जाळ्यात अडकलेलं कासव जाळं कापून सोडलं, तर मच्छीमाराला २५ हजार रुपयांपर्यंत भरपाईची योजना आहे. खाडीतला जवळाच नाहीसा झाला, तर मात्र आधी तो होता हे सिद्ध करावं लागतं.

आणि तिथेच जुन्या नोंदींची किंमत कळते. शेजारच्या उरणमध्ये बंदराच्या विस्तारामुळे मासेमारी गेली म्हणून पारंपरिक मच्छीमार हरित लवादात गेले. २०१५ मध्ये लवादाने १,६३० कुटुंबांना सुमारे ९५ कोटी रुपये देण्याचा आदेश दिला. प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयातही गेलं. अशा दाव्यात "पूर्वी किती मिळायचं?" हा प्रश्न टळत नाही. मोठ्या बंदरांवर उतरणाऱ्या मासळीची मोजणी केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्था करते. पण पागाने मासे धरून थेट गावात विकणाऱ्या बाईची टोपली कुठल्या बंदरावर उतरतच नाही. धरमतरच्या बाबतीत निदान एवढं आहे की राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या तिवारी आणि नायर यांनी या खाडीतल्या प्लवकांवर, म्हणजे माशांच्या पिल्लांच्या मूळ खाद्यावर, १९९० च्या दशकात निबंध लिहून ठेवले आहेत. आजचं पाणी कशाशी ताडायचं, याला तेवढा आधार आहे.

या नोकरीची परंपराही जुनी आहे. मुंबई प्रांताच्या मत्स्य खात्यातले सी. व्ही. कुळकर्णी यांनी १९४० मध्ये किनाऱ्यालगतच्या निमखाऱ्या पाण्यातल्या एका इवल्याशा, काचेसारख्या पारदर्शक माशाचं वर्णन प्रसिद्ध केलं. तो इतका वेगळा निघाला की त्याच्यासाठी नवं कुटुंब मांडावं लागलं. सुंदरलाल होरा आणि सेटना या दोन मत्स्यतज्ज्ञांच्या नावांवरून त्याचं नाव ठेवलं 'होराइक्थिस सेटनाय'. बाजारात त्या माशाला किंमत शून्य.

या कामात यायचं असेल, तर रत्नागिरीजवळ शिरगावला १९८१ पासून मत्स्य महाविद्यालय आहे आणि वर्सोव्याला केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था.

तुम्हाला मेलेले मासे दिसले तर

व्हिडिओ काढाच, पण त्यात जागा ओळखू येईल असं काही घ्या. पूल, जेट्टी, उघाडी, काहीही. वेळ आणि भरती-ओहोटी बोलून सांगा. माशाशेजारी हात किंवा चप्पल ठेवून जवळून फोटो घ्या, म्हणजे आकार आणि जात कळते. अजून तडफडणारे मासे आहेत का, पाण्याला वास किंवा रंग आहे का, तेही नोंदवा. हातमोजे किंवा पिशवी हातात घालून दोन-तीन ताजे मासे बर्फात ठेवा. खाऊ नका, विकू नका. मग प्रदूषण नियंत्रण मंडळाला आणि अलिबागच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयाला, दोघांनाही एकाच वेळी कळवा. पुढची भरती यायला साधारण सहा तास असतात.