दाराच्या दोन्ही बाजू

मराठीत ‘हॉटेल’ म्हटले की मिसळ, भजी आणि चहा डोळ्यांसमोर येतो. राहायचे ते लॉजमध्ये, देवाच्या गावी गेलो तर भक्तनिवासात. त्यामुळे हॉटेल मॅनेजमेंटला प्रवेश घेतलेल्या मुलाला घरी पहिला प्रश्न येतो, ‘म्हणजे आचारी होणार का रे?’ हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नये. या धंद्यातले बरेचसे काम पाहुण्याच्या नजरेस पडतच नाही. मग जे दिसते, त्याच्याच नावाने हा धंदा ओळखला जातो.

मुंबईत ताजमहाल हॉटेल १९०३ मध्ये सुरू झाले. हॉटेलचे काम वर्गात बसवून शिकवणारी संस्था त्याच शहरात निघाली ती १९५४ मध्ये, लीलावती मुन्शी यांच्या पुढाकाराने. मधल्या पन्नास वर्षांत माणसे हे काम हाताखाली राहूनच शिकत होती. वर्ग आला तशी पाठ्यपुस्तके आली, व्याख्या आल्या, आणि मोठ्या हॉटेलात विद्यार्थ्यांना ‘दाखवायला’ नेण्याची गरजही आली. मुले अशा भेटीला ‘आयव्ही’ (इंडस्ट्रियल व्हिजिट) म्हणतात आणि अर्धी सहलच समजतात. माझी त्याला हरकत नाही. हरकत आहे ती परतल्यावर लिहिल्या जाणाऱ्या अहवालांना. लॉबीतले झुंबर, पोहण्याचा तलाव, खोल्यांची संख्या, शेवटी व्यवस्थापकांचे आभार. एवढे तर हॉटेलच्या माहितीपत्रकातही असते.

पाहायचे काय, हे शिकवणारा एक समाजशास्त्रज्ञ या विषयाला फार लवकर भेटला. अर्व्हिंग गॉफमन १९४९ ते १९५१ या काळात स्कॉटलंडच्या उत्तरेकडील शेटलंड बेटांवर राहून अभ्यास करत होता. तिथल्या एका छोट्या हॉटेलातले स्वयंपाकघराचे दार त्याच्या लक्षात राहिले. कामकरी मुलींना ते उघडे हवे असे: हातात ताटे घेऊन ये-जा सोपी होते, आणि पाहुण्यांचे जेवण कुठवर आले तेही कळते. मालकांना ते बंद हवे असे, कारण आतले त्यांचे वागणे, खाणे-पिणे बेटावरच्या साध्या लोकांसारखेच होते आणि पाहुण्यांसमोर मात्र त्यांना मध्यमवर्गाचा आब राखायचा होता. दार एकच, आणि त्यावरून रोजची कुरबुर. गॉफमनने पुढे माणसांच्या वागण्याची ‘रंगमंच’ आणि ‘रंगमंचामागची बाजू’ अशी जी मांडणी केली, तिच्या मुळाशी असली निरीक्षणे आहेत. वरवर शिस्तीचा वाटणारा वाद मुळात दोन गरजांचा होता, माहितीची आणि प्रतिष्ठेची. तुम्ही ज्या हॉटेलात जाल तिथेही असे एक दार असेल. त्यावर ‘फक्त कर्मचाऱ्यांसाठी’ लिहिलेले असेल.

माहितीची गरज हा तुमच्या हातातल्या या पुस्तकाचा कणा आहे. विल्यम फूट व्हाइटचा अमेरिकेतल्या उपाहारगृहांवरचा अभ्यास १९४८ चा. वेट्रेस ऑर्डर ओरडून सांगायची, आतल्या माणसाला तिचा हुकूम सोसायचा नाही, तो रेंगाळायचा, आणि बाहेर टेबलावरचा पाहुणा तिच्यावर चिडायचा. उपाय निघाला तो काउंटरवर ठेवलेल्या एका टोकदार खिळ्याचा. चिठ्ठी खिळ्याला टोचायची, आतला माणूस क्रमाने उचलणार. हुकूम संपला, कागद उरला. आपल्याकडचे केओटी (किचन ऑर्डर तिकीट) म्हणजे याच चिठ्ठीच्या कुळातले. आता ते यंत्रातून छापून येते, एवढेच.

हाउसकीपिंगमध्ये हेच वेगळ्या रूपात दिसते. सकाळी मजल्यावरचे कर्मचारी प्रत्येक खोलीची स्थिती कळवतात आणि ती फ्रंट ऑफिसच्या नोंदीशी ताडून पाहतात. नोंदीत खोली भरलेली, प्रत्यक्षात पलंगावर कोणी झोपलेलेच नाही. सामान आहे, तर पाहुणा रात्री बाहेर राहिला असेल. सामानही नाही, तर बिल न भरता निघून गेला असेल. किंवा बिल भरून रीतसर गेला असेल आणि नोंद बदलायचीच राहिली असेल. ही तिसरी शक्यता मुलांना क्षुल्लक वाटते. पण तिच्यामुळे रिकामी खोली नोंदीत भरलेली राहते, आणि समोर आलेल्या माणसाला ‘जागा नाही’ सांगितले जाते. चांगली सेवा बिघडायला उर्मटपणाच लागतो असे नाही.

सेवेची गुणवत्ता मोजणारी पाच अंगांची मोजपट्टी १९८८ मध्ये परशुरामन, झाइथमल आणि बेरी यांनी मांडली. पाच मुद्दे परीक्षेला सोयीचे, म्हणून मुलांना ती प्रिय आहे. ती उपयोगी आहेच, पण मोजते ते पाहुण्याच्या बाजूने. दाराच्या आतली बाजू समजायला आर्ली हॉक्शील्ड यांचे १९८३ मधले विमानसेविकांवरचे काम वाचावे. हसू हाही कामाचाच भाग असेल, तर ते दिवसभर टिकवण्याचे कष्ट कोणाच्या खाती मांडायचे, हा त्यांचा प्रश्न. आपण पाहुण्याला देव मानतो असे मोठ्या अभिमानाने सांगतो. आठ तास उभे राहून त्या देवाची पूजा करणाऱ्याबद्दल मात्र फारसे बोलत नाही.

एकदा चाळीसेक मुलांच्या वह्या तपासताना एका मुलीचे टिपण सापडले. खोली रिकामी आहे हे माहीत असूनही कर्मचाऱ्याने दारावर टकटक केली, आपण कोण ते सांगितले, थांबला आणि मगच दार उघडले. तिने पुढे लिहिले होते, ‘मग मी त्यांना विचारले, का?’ त्या पानावर झुंबर नव्हते. हे पुस्तक लिहायला मी त्यानंतर घेतले.

तुमच्या भेटीची वेळ ठरवता आली तर दुपारी बारा ते दोन मागून घ्या. जाणारे पाहुणे बिलासाठी खोळंबलेले, येणारे सामानासह उभे आणि मधल्या वेळात खोल्या तयार करण्याची घाई, हे सगळे तेव्हा एकदम दिसते. पाहुण्यांचे फोटो काढू नका. लिनन रूममध्ये चादरी मोजणाऱ्यांशी आधी बोला, सेल्सच्या माणसांशी नंतर. आणि ते दार सापडले की त्याच्याजवळ थोडा वेळ उभे राहा, पण ट्रॉलीची वाट सोडून.