स्वयंचलित प्रेषणाचे दोषनिदान

मोटारगाडीच्या एंजिनाची शक्ती चाकांकडे नेताना वेग व भार यांनुसार दंतचक्रांचे गुणोत्तर आपोआप बदलणाऱ्या यंत्रणेस स्वयंचलित प्रेषण म्हणतात. ही यंत्रणा बंद पेटीत असते व पेटी उघडणे खर्चाचे असते. म्हणून पेटी न उघडता बाह्य लक्षणांवरून दोष ओळखण्याचे शास्त्र तिच्याबरोबरच वाढत गेले.

जर्मन अभियंते हेरमान फ्योटिंगर यांनी १९०५ मध्ये जहाजांसाठी द्रवाच्या प्रवाहाद्वारे शक्ती वाहून नेणाऱ्या साधनाचे एकस्व घेतले. याच तत्त्वाचा उपयोग करून जनरल मोटर्स या अमेरिकी कंपनीने १९४० च्या ओल्ड्समोबील गाड्यांत ‘हायड्रा-मॅटिक’ हे चार गतींचे प्रेषण बसविले. गाडीच्या वेगानुसार आणि एंजिनावरील भारानुसार बदलणारे तेलाचे दोन दाब झडपांवर परस्परविरुद्ध कार्य करीत व त्यांच्या तोलावर गिअर बदलत असे. साहजिकच दोषनिदान हे मुख्यतः तेलाचे व दाबाचे निदान झाले.

प्रथम तेलाची पातळी, रंग व वास पाहण्याचा प्रघात पडला. तपकिरी रंग व जळका वास क्लच-चकत्या जळाल्याचे सुचवितो, तर दुधट गुलाबी रंग शीतकातील पाणी तेलात मिसळल्याचे दर्शवितो. यानंतर दाबमापक जोडून दाब मोजतात. रोध परीक्षेत चाकांना अडथळे लावून व ब्रेक घट्ट दाबून, गिअरमध्ये असलेल्या एंजिनास पूर्ण इंधन देतात आणि त्याचे दर मिनिटाचे फेरे मोजतात. ठरलेल्या मर्यादेपेक्षा फेरे अधिक भरल्यास क्लच घसरत असतो. कमी भरल्यास एंजिन दुर्बल असते किंवा टॉर्क परिवर्तकात दोष असतो. तेल झपाट्याने तापत असल्यामुळे ही परीक्षा काही सेकंदांतच उरकावी लागते.

सर्वांत तर्कशुद्ध पद्धत म्हणजे निरनिराळ्या गिअरांतील वर्तनाची तुलना. क्रायस्लर कंपनीच्या १९५६ मधील ‘टॉर्कफ्लाइट’ या तीन गतींच्या प्रेषणात पुढील क्लच तिसऱ्या व उलट गिअरमध्ये, तर मागील क्लच पुढे जाण्याच्या तिन्ही गिअरांत कार्य करतो. गाडी फक्त तिसऱ्या व उलट गिअरमध्ये घसरत असेल, तर दोष पुढील क्लचचा. उलट गिअर ठीक असून पुढे जाण्याचे सर्व गिअर घसरत असतील, तर तो मागील क्लचचा असण्याचा संभव अधिक.

दोष नेहमी पेटीच्या आतच असतो असे नाही. ‘टर्बो-हायड्रामॅटिक ४००’ (१९६४) या प्रेषणात एंजिनातील आंशिक निर्वातावर चालणारा एक लहान नियंत्रक पेटीच्या बाहेरून बसविलेला असे. त्याचे पटल फाटले की, प्रेषणाचे तेल एंजिनात ओढले जाऊन जळे. गळती न दिसता पातळी घटे, पांढरा धूर निघे व गिअर उशिरा आणि धक्क्याने बदलत. नियंत्रक बदलल्याने भागणाऱ्या या दोषासाठी संपूर्ण पेटी उघडणे म्हणजे मालकावर निष्कारण भुर्दंड होय.

पुढे नियंत्रण इलेक्ट्रॉनिकीय झाले. क्रायस्लरच्या ‘ए ६०४’ (१९८९) या प्रेषणात संगणक गंभीर दोष आढळताच गाडी दुसऱ्या गिअरमध्येच ठेवतो, जेणेकरून ती दुरुस्तीगृहापर्यंत पोहोचावी. १९९६ पासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या नव्या मोटारगाड्यांत प्रमाणित दोषसंकेतांची व्यवस्था सक्तीची झाली. यांतील ‘पी ०७३०’ हा संकेत गिअरचे गुणोत्तर अपेक्षेप्रमाणे नसल्याचे सांगतो. आत येणाऱ्या व बाहेर जाणाऱ्या दंडांच्या वेगांची तुलना करून तो निश्चित केला जातो.

तथापि हा संकेत परिणाम सांगतो, कारण नव्हे. झिजलेला क्लच, कमी झालेले तेल, अडकलेली झडप किंवा बिघडलेला संवेदक यांपैकी कशानेही तोच संकेत मिळू शकतो. म्हणूनच साधने बदलली, तरी प्रथम तेल, मग बाहेरील जोडण्या, नंतर दाब आणि अखेरीस पेटी उघडणे हा निदानाचा क्रम कायम राहिला आहे.