लेण्यातला दोन हजारांचा आकडा



नाशिकची त्रिरश्मी लेणी, ज्यांना लोक पांडवलेणी म्हणतात, तिथे आपल्यातली बरीच मंडळी जाऊन आली आहेत. पण १० नंबरच्या लेण्यातला एक आकडा फार थोड्यांनी निरखून पाहिला असेल. तो आकडा २०००. दिसायला साधा, पण त्याच्या पोटात २० भिक्षूंच्या चीवराचा खर्च बसवलेला आहे.

हे लेणे क्षत्रप राजा नहपान याचा जावई उषवदात याने संघाला दान दिले. काळ इसवी सनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकातला. लेण्याबरोबर त्याने ३००० कार्षापण कायमची ठेव म्हणून दिले. लेखात तिला 'अक्षयनीवी' म्हटले आहे. ही ठेव कुणा सावकाराकडे नाही, तर गोवर्धन इथल्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेवली. एकीकडे २०००, व्याज शेकडा एक. दुसरीकडे १०००, व्याज शेकडा पाऊण. मुद्दलाला हात लावायचा नाही, व्याज तेवढे वापरायचे. २००० च्या व्याजातून वर्षावासाला राहणाऱ्या २० भिक्षूंना चीवरासाठी प्रत्येकी १२ कार्षापण द्यायचे.

आता हिशेब करून बघा. शेकडा एक, पण महिन्याला की वर्षाला? लेखात ते लिहिलेलेच नाही. वर्षाला धरले तर २० कार्षापण येतात, म्हणजे भिक्षूला एकच नाणे. महिन्याला धरले तर महिन्याचे २० आणि वर्षाचे २४०. इकडे २० भिक्षू गुणिले १२, तेही २४०. बाकी काही उरत नाही! म्हणजे व्याज महिन्याचेच होते. अक्षरांनी जे सांगितले नाही, ते आकड्याने सांगितले.

मग २०००च का? कारण २००० म्हणजे वीस वेळा शंभर. शंभराचे महिन्याला एक, म्हणजे वर्षाला १२. एकेका भिक्षूमागे शंभराची ठेव. भिक्षू २५ असते, तर २५०० लागले असते. उरलेल्या १००० चे महिन्याला साडेसात, वर्षाला ९०. ते इतर खर्चाला.

लेखातले शब्द तर आपल्या पोरांच्या पाढ्यातले आहेत. दोनला 'बे', पाऊणला 'पायून'. रकमा आकड्यांत आहेतच, पण ३००० ही मुख्य रक्कम शब्दांतही कोरलेली आहे, जशी आपण बँकेच्या स्लिपवर दोन्हीकडे लिहितो. त्या लिपीत शून्य नव्हते. हजाराची एक खूण, तिलाच जोड देऊन दोन हजार, तीन हजार लिहीत. पण हिशेब कुठे अडला नाही. आणि हे सगळे निगमसभेत वाचून दाखवून दप्तरी नोंदवले, असेही लेखात आहे.

आम्ही साचेखात्यात उभे राहून आयुष्य काढलेली माणसे. राजाच्या जावयाने संघाची पुंजी विणकरांच्या हाती सोपवली, हे वाचून आमची मान ताठ होते. गव्हाणच्या आपल्या विहाराचा फंड लहान असेल, पण त्याचाही हिशेब असाच व्हावा: मुद्दल शाबूत, खर्च ठरलेला, आणि जमाखर्च सर्वांसमोर मोठ्याने वाचलेला. येत्या वर्षावासात मुलांना पाटीवर हे गणित घालू या.

जय भीम.